नगर वसण्याआधी

५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि नागपूरहून निघालेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पुरा झाला. सह्याद्रीच्या पोटातून जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा, मग ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यातले ओढे, दऱ्या आणि भातखाचरे ओलांडणारे उंच पूल, खुटघरला उतरण्याची जागा आणि भिवंडी तालुक्यात आमण्याला शेवट. याच वाटेवर सरळांबे आहे. ३१ जुलै २०२३ च्या रात्री तिथे पुलाचे गर्डर बसवणारे यंत्र कोसळले आणि २० जण मृत्युमुखी पडले. देशाच्या निरनिराळ्या भागांतून पोटासाठी आलेले कामगार आणि अभियंते होते ते. या रस्त्याविषयी काहीही लिहायचे तर त्यांची आठवण आधी झाली पाहिजे.

रस्ता आखतानाच शासनाने त्याच्या कडेने कृषी समृद्धी नगरे वसवायची ठरवली होती. महामार्गावर चढण्या-उतरण्याच्या जागांभोवती गोदामे, शीतगृहे, शेतमालावर प्रक्रिया करणारे कारखाने, शाळा, दवाखाने, घरे असे सगळे एकत्र असलेली नगरे. पहिल्या आराखड्यात ती २४ होती, पुढे संख्या कमी झाली. शहापूर तालुक्यातल्या फुगाळ्याचे नाव त्यांत होते. शेजारच्या मुरबाड तालुक्याला महामार्ग शिवत नाही, पण कल्याण-बदलापूरची वस्ती वर्षागणिक त्या बाजूला सरकते आहे. मुरबाडच्या वाटेला लागले की दुतर्फा बिगरशेती प्लॉटांच्या पाट्या दिसतात आणि माळरानावर एकामागून एक तारेची कुंपणे. एका तालुक्यात शासन नगर आखते आहे, दुसऱ्यात कुणीच न आखता ते उगवते आहे. पुढच्या पानांत या दोन्हींचा विचार आहे.

माझी भूमिका सुरुवातीलाच सांगून टाकतो. या तालुक्यांत नवे नगर व्हायला हवे, असे मला मनापासून वाटते. मात्र त्याच्या नकाशावरची पहिली रेघ पाण्याची असावी, आणि त्या नगराचा पहिला नागरिक तो असावा ज्याच्या नावावर आज घराखालची जमीनसुद्धा नाही. या दोन गोष्टी आधी ठरल्या नाहीत तर रस्ते, दिवे, उद्याने कितीही चांगली झाली तरी जे उभे राहील त्याला नगर म्हणायला माझे मन धजणार नाही.

पाण्यापासूनच सुरुवात करू, कारण इथे सगळे तिथून सुरू होते आणि तिथेच अडते. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात जलाशयांचा एकूण उपयुक्त साठा १४,४७,३६३ दशलक्ष लिटर. त्यातला एकट्या भातशाचा वाटा ७,१७,०३७ दशलक्ष लिटर, म्हणजे जवळजवळ निम्मा. भातसा शहापूर तालुक्यात. १८९२ पासून मुंबईची तहान भागवणारे तानसा शहापूर तालुक्यात. मोडकसागर आणि मध्य वैतरणा हे जलाशयही याच डोंगरपट्ट्यातले. मुरबाड तालुक्यातले बारवी धरण औद्योगिक विकास महामंडळाचे. त्याचे पाणी बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, डोंबिवलीपासून थेट मीरा-भाईंदरपर्यंत जाते. महानगराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठेही नळ सोडा, पाण्याची वाट मागे मागे काढत गेलात तर बहुतेक वेळा या दोन तालुक्यांच्या डोंगरात पोचाल.

आणि याच तालुक्यांत फेब्रुवारी सरता सरता टंचाई आराखड्याची कागदपत्रे हलू लागतात. मार्च-एप्रिलमध्ये टँकर सुरू होतो. टँकर पाड्यावर येतो, पाणी विहिरीत सोडतो आणि मग बाया कठड्यावर गर्दी करून तेच पाणी पुन्हा पोहऱ्याने वर काढतात. जिथे टँकर चढत नाही तिथे ओढ्याच्या कोरड्या पात्रात डवरा खणून वाटी-वाटीने हंडा भरायचा. पाऊस इथे अडीच हजार मिलिमीटरच्या घरात पडतो, पण खाली काळा पाषाण आहे. त्यात पाणी मुरत नाही, मुरले तरी टिकत नाही. चार महिने धो धो वाहून जाते आणि आठ महिने त्याची आठवण काढायची. धरणातले पाणी तर डोळ्यांसमोर असते, पण ते खालच्या अंगाला, आणि त्याच्यावरचा हक्क दुसऱ्याचा. शहापूरच्या गावपाड्यांना पाणी देण्यासाठी पलीकडच्या नाशिक जिल्ह्यातल्या भावली धरणातून, घाटमाथ्यावरून उताराने पाणी आणण्याची योजना आखावी लागली. पाण्याच्या वाटपाची आपल्याकडची रीत समजून घ्यायला एवढे एकच उदाहरण पुरे आहे.

आता यात नवे नगर आणून ठेवा. समजा लाखभर वस्तीचे. भुयारी गटार असलेल्या शहरासाठी माणशी रोजी १३५ लिटर पाणी धरायचा नियम आहे. जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसासाठी ५५ लिटर धरले आहेत. म्हणजे नवनगराची संरक्षक भिंत जिथे उभी राहील तिच्या एका बाजूला माणसाची तहान १३५ लिटरची आणि दुसऱ्या बाजूला ५५ लिटरची, आणि हे दोन्ही नियमानुसार! त्या ५५ लिटरचा नळही अनेक पाड्यांवर अजून कोरडाच आहे. मी साधा हिशेब केला. लाख माणसांना १३५ लिटरप्रमाणे वर्षाला सुमारे ४,९२८ दशलक्ष लिटर पाणी लागेल. भातशाच्या साठ्याच्या शंभराव्या हिश्शाहूनही हे कमी आहे. तेव्हा पाणी नाही ही अडचणच नाही. ते कुणाला द्यायचे हे ठरलेले आहे आणि त्या ठरावात इथली माणसे कधीच धरलेली नव्हती. नवनगराच्या निमित्ताने हा ठराव पुन्हा उघडता आला तर त्या नगराने जन्मण्याआधीच मोठे काम केले असे होईल. नगराची जलवाहिनी ज्या ज्या पाड्याशेजारून जाईल त्या पाड्याला त्याच दाबाचे आणि तेवढेच पाणी, एवढी एक अट आराखड्याच्या पहिल्या पानावर असली पाहिजे.

पाण्याच्या मागोमाग विस्थापन येते. इथल्या लोकांना नवे गाव पायापासून वसवण्याचा अनुभव नाही असे कुणी समजू नये. तो त्यांच्याइतका क्वचितच कुणाला असेल. भातसा झाले तेव्हा गावे उठली. बारवी १९७२ मध्ये बांधले गेले, नंतर त्याची उंची टप्प्याटप्प्याने वाढत गेली आणि प्रत्येक टप्प्याला पाण्याची रेघ आणखी काही घरांपर्यंत आली. २०१९ मध्ये ७२.६० मीटर उंचीपर्यंत पाणी पहिल्यांदा साठवले गेले, ते बाधित कुटुंबांतल्या एकेकाला महामंडळात किंवा पाणी घेणाऱ्या नगरपालिका-महापालिकांत नोकरी देण्याचे ठरल्यानंतर. हे ठरायला लोकांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. तरीही पाणी घेणाऱ्या शहराने पाणी देणाऱ्या गावाला थेट काही द्यावे लागते हे तत्त्व इथे मान्य झाले, आणि मला ते फार मोलाचे वाटते. मुरबाडमध्येच काळू नदीवर महानगरासाठी धरण बांधायला घेतले तेव्हा श्रमिक मुक्ती संघटनेने न्यायालयात धाव घेतली. वनजमिनीची परवानगी नसताना सुरू झालेले ते काम उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये थांबवले. तो प्रश्न अजून धगधगता आहे. अशा मुलखात जाऊन ‘आम्ही तुमच्यासाठी नगर वसवतो’ असे कुणी म्हणाले की म्हातारी माणसे गप्प राहतात. ही गप्प माणसे आधी ऐकून घ्यायला हवीत.

पुनर्वसित गावांत फिरताना एक गोष्ट सतत जाणवत राहते. सरकारी आखणीत घरांच्या रांगा असतात, रस्ते काटकोनात असतात, शाळेची खोली आणि समाजमंदिर असते. पण गुरे बांधायची कुठे, भात झोडायचे खळे कुठे, राब भाजायला पालापाचोळा आणायचा कुठल्या रानातून, सरण रचायचे कुठे आणि गावदेवीला जागा कोणती, यांची उत्तरे आखणीत नसतात. माणसे ती नंतर आपापल्या परीने शोधतात, आणि त्या शोधण्यालाच पुढे ‘अतिक्रमण’ हा शेरा मिळतो. शहापूर-मुरबाडचा शेतकरी खाचरात भात घेतो, वरकस जमिनीवर नाचणी-वरी, भात निघाल्यावर ओलीवर वाल. अलीकडे थोडे पाणी असलेल्यांनी भेंडीची लागवड केली आणि इथली भेंडी परदेशी जाते. नगराच्या नावात कृषी हा शब्द असेल तर या शेतीला त्या नगरात खरी जागा लागेल. नुसती गोदामे पुरणार नाहीत. कमी भाड्याचे शीतगृह, सकाळी तोडलेली भेंडी दुपारच्या आत विकली जाईल असा बाजार, आणि त्या बाजारात शेतकरणीला बसायला ओटा.

बाजार म्हटला की मला म्हसा आठवते. पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावी खांबलिंगेश्वराची यात्रा भरते. मोकळ्या माळावर बघता बघता एक नगर उभे राहते. बैलांचा बाजार एकीकडे, घोंगड्यांची दुकाने दुसरीकडे, भांड्यांची, शेतीच्या अवजारांची वेगळी आळी. पाहुण्यांचा मुक्काम, चुली, पाणी, करमणूक, सगळ्याच्या जागा ठरलेल्या. कोकणातले आणि घाटावरचे लोक पिढ्यानपिढ्या इथे व्यवहार करत आले आहेत. त्याहून मागे गेलो तर वैशाखऱ्यावरून नाणेघाट चढून जुन्नरला जाणारी सातवाहनांच्या काळातली व्यापारी वाट याच तालुक्यातून जाते. तेव्हा हा मुलूख कायम आडरानच होता हा समज चुकीचा आहे. इथल्या वस्त्या वाटेवर आणि बाजारावर वाढल्या. नगररचनाकारांनी परदेशी नगरांचे नकाशे जरूर पाहावेत, पण एकदा पौषात म्हशाला मुक्कामाला यावे. कुठली आळी कुठे बसते, गर्दी कशी वळते आणि पाणी कोण पुरवते, हे समजायला त्याहून चांगली शाळा नाही.

आता या पुस्तकातला सर्वांत अवघड विषय. नगर बांधायला वीट लागते. ठाणे-रायगडच्या भट्ट्यांवर वीट थापणाऱ्यांत कातकरी या आदिम जमातीची कुटुंबे मोठ्या संख्येने असतात. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा भट्टीमालकाकडून बयाणा उचलायचा आणि दिवाळी झाली की बायकापोरांसह भिवंडी-कल्याणकडच्या भट्टीवर जायचे. परत येणे पावसाच्या तोंडावर. हिशेब होतो तेव्हा कित्येकदा अंगावर पैसे निघतात, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा तीच भट्टी. पोरांची शाळा दरवर्षी मध्येच तुटते. या वेठबिगारीविरुद्ध श्रमजीवी संघटनेने १९८० च्या दशकापासून ठाणे जिल्ह्यात लढा दिला. कायदे झाले, सुटकेचे दाखले मिळाले, तरी भट्टीची वाट बंद झालेली नाही. आणि ज्याच्या हातून शहरांच्या भिंती उभ्या राहिल्या त्याची स्वतःची वाडी बऱ्याच ठिकाणी दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर असते. जमीनमालकाच्या आजोबांनी बसवलेले, दोन पिढ्या राहिलेले, पण सातबाऱ्यावर नाव नाही आणि वाडीला गावठाणही नाही. जमिनीला भाव नव्हता तोवर कुणी हटकले नाही. आता भाव आला. आदिम जमातींसाठी २०२३ मध्ये केंद्राची जनमन योजना आली, त्यात घरकुल मिळते. पण घरकुल बांधायला आधी जागा स्वतःची असावी लागते.

नवनगरासाठी जमीन घेतली जाईल तेव्हा मोबदला सातबारा पाहून दिला जाईल. समृद्धीच्या वेळी तेच झाले. आधी जमीन एकत्र करून विकसित भूखंड परत द्यायची योजना होती, शहापूरसह अनेक ठिकाणी तिला विरोध झाला, मग थेट खरेदी आली. ज्यांची नावे उताऱ्यावर होती त्यांच्या खात्यात पैसे आले. काहींनी शहाणपणाने पुन्हा जमीन घेतली, काहींच्या घरात वारसांचे वाद पेटले, ‘इतर हक्का’त नाव असलेल्या बहिणी सही करायच्या दिवशी पहिल्यांदा माहेरच्या व्यवहाराला आल्या. यात बऱ्यावाईट सगळ्या गोष्टी आहेत, त्या पुढच्या प्रकरणांत येतील. मात्र जो त्या जमिनीवर राहत होता, त्या बांधावर मजुरी करत होता, त्या रानातून मध, कंद आणि मोहाची फुले आणत होता, त्याच्यासाठी सातबाऱ्यात रकाना नाही. नवनगराने हा रकाना तयार केला पाहिजे. नगराच्या हद्दीतल्या प्रत्येक कातकरी-ठाकूर वाडीची मोजणी, तिला गावठाण आणि घराखालच्या जागेचा मालकी हक्क, हे काम पहिल्या भूखंडाच्या विक्रीआधी व्हायला हवे. नंतर करू म्हटले तर ते होत नाही.

नंतर करू म्हटल्याने काय होते ते बघायला लांब जायला नको. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मांडलेली नव्या मुंबईची कल्पना फार मोठी होती. मी तिचा आदर करतो. आपल्या देशात इतक्या गंभीरपणे शहराचा विचार क्वचितच झाला आहे. पण त्या नकाशाखाली ९५ गावे होती. त्यांच्या जमिनीच्या भावासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा झाला, जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले आणि त्यानंतर साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व सरकारला स्वीकारावे लागले. गावठाणे मात्र वाढत्या कुटुंबांना पुरेनाशी झाली. मुलाचे लग्न झाले, खोली वाढवली. ती ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ नियमित करण्याचा प्रश्न अर्धे शतक उलटले तरी गाजतो आहे. मूळ गावाची पुढच्या दोन पिढ्यांची वाढ आराखड्यात धरली असती तर एवढे घडले नसते.

दुसरे उदाहरण आणखी जवळचे, मुरबाडहून कल्याणला जाणाऱ्याच्या अगदी वाटेवरचे. कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आणले गेले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. तिथे आधी माणसे आली, मग नगर झाले. सर्वस्व गमावून आलेल्या लोकांनी बराकीच्या ओसरीवर धंदे उभे केले आणि एक पिढी सरायच्या आत मोठी व्यापारपेठ तयार केली. या कर्तबगारीपुढे मी नतमस्तक आहे. पण नियोजन माणसांच्या मागून धावत राहिले, बांधकामे नियमित करायला स्वतंत्र कायदा करावा लागला आणि शेजारून वाहणाऱ्या वालधुनी नदीचे गटार झाले. नव्या मुंबईत नकाशा आधी होता, उल्हासनगरात माणसे आधी होती. दोन्हीकडे नदी, ओढे आणि मूळ रहिवासी यांची आठवण शेवटी झाली. शहापूर-मुरबाडला हा क्रम बदलण्याची संधी आहे.

क्रम बदलायचा तर अधिकार कुणाचा हा प्रश्न येतो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये नवनगरांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. शासन प्राधिकरण नेमते आणि नियोजनाचे अधिकार त्याच्याकडे जातात. पण सगळा शहापूर तालुका आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तिथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे, भूसंपादनाआधी ग्रामसभेचा विचार घ्यावा लागतो, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने रानावरचे सामूहिक हक्कही मान्य केले आहेत. गावाचे नगर झाले की ग्रामसभा संपते. मग तिच्या हक्कांचे काय? घटनेच्या २४३ झेडसी या अनुच्छेदानुसार नगरपालिकांविषयीचा भाग अनुसूचित क्षेत्राला आपोआप लागू होत नाही, संसदेने तसा कायदा करावा लागतो. त्यासाठी २००१ मध्ये विधेयक मांडले गेले, कायदा झाला नाही. म्हणजे पाड्यावरच्या माणसाचा आज कागदावर तरी असलेला आवाज नवनगरात नेमका कोणत्या सभेत उमटणार याचे उत्तर कायद्यात नाही. वकिलांनी आणि लोकप्रतिनिधींनी या एका मुद्द्यावर तरी वेळ द्यावा. माझ्या मते नगराच्या प्रत्येक प्रभागात जुन्या पाड्यांची सभा कायम ठेवून जमीन, पाणी आणि रान या तीन बाबतींत तिचा होकार बंधनकारक करणे, हा यावरचा किमान उपाय आहे.

एवढे सगळे असूनही मला नगर हवे आहे, कारण आहे ती स्थिती टिकवण्यासारखी नाही. कसाऱ्याहून मुंबईला जाणारी लोकल सुमारे १२० किलोमीटर कापते आणि खर्डी, आटगाव, आसनगाव, वासिंदचे तरुण अंधारात घर सोडून अंधारातच परततात. मुरबाडला तर रेल्वे अजून आलेलीच नाही. अडलेली बाळंतीण, सापाने दंश केलेला शेतकरी, यांना घेऊन गाडी ठाण्याकडे धावते आणि वाटेतल्या एकेका तासाची किंमत कुटुंब मोजते. कॉलेजसाठी कल्याण, कोर्टाच्या कामासाठी कल्याण, मोठ्या दवाखान्यासाठी ठाणे. दोन तालुक्यांच्या मध्ये एक धड रुग्णालय, तंत्रशिक्षणाची संस्था, कारागिरांना आणि भाजीवाल्यांना बाजार, आणि तासाभराच्या अंतरात काम देणारे उद्योग असलेले मध्यम आकाराचे नगर उभे राहिले तर हजारो घरांचे जगणे बदलेल. मुंबईतल्यांसाठी शनिवार-रविवारची घरे बांधून हे होणार नाही. तानसा अभयारण्य आणि भीमाशंकराचे रान यांच्यामधली ही भूमी आहे; इथे किती वस्ती पेलेल याला मर्यादा आहे, आणि ती मर्यादा विक्रीच्या जाहिरातीने नव्हे, पाण्याने आणि जंगलाने ठरवायची आहे.

शेवटी या दोन तालुक्यांतल्या वाचकांना एक विनंती. नगराचा आराखडा हरकतींसाठी प्रसिद्ध होईल तेव्हा मुदत थोडी असेल आणि नकाशा तालुक्याच्या कचेरीत भिंतीवर लावलेला असेल. त्या दिवसाची वाट पाहू नका. आपल्या वाडीची घरे मोजून घ्या, वारसांच्या नोंदी आणि बहिणींची नावे उताऱ्यावर नीट आली आहेत का पाहा, वनहक्काचे राहिलेले दावे दाखल करा, वहिवाटीच्या वाटा, झरे, विहिरी, स्मशान आणि देवराई यांचा कच्चा नकाशा ग्रामसभेत बसून स्वतः काढा आणि ठरावाला जोडून त्याची पोच घ्या. नियोजनकार येतील तेव्हा त्यांच्या हातात हा नकाशा आधी द्या.